लिहिलेलं अक्षर पडद्यावर पुन्हा लिहिताना: आफ्टर इफेक्ट्समधलं राइट-ऑन

शीर्षक अक्षर-अक्षर लिहिलं जातंय, असं आफ्टर इफेक्ट्स या मोशन ग्राफिक्सच्या सॉफ्टवेअरमध्ये दाखवायचं (यालाच राइट-ऑन म्हणतात) म्हटलं की बहुतेक जण थेट टाइमलाइनवर जातात, पेन टूल उचलतात आणि अक्षरावरून एक रेघ फिरवतात. रोमन लिपीतल्या सुट्या, बारीक अक्षरांवर हे चालून जातं. देवनागरीत मात्र पहिल्याच अक्षरात घोटाळा होतो. ‘व’चं पोट भरत असतानाच शेजारचा दंड अर्धा दिसायला लागतो, शिरोरेषेचे तुकडे वेळेआधी डोकावतात आणि लिहिण्याऐवजी कुणी फडक्याने काच पुसतंय असं वाटतं. यातलं खरं काम कीफ्रेमचं (हालचालीच्या वेळा ठरवणाऱ्या खुणांचं) नाहीच. हाताने अक्षर ज्या ओढींनी काढलं, त्याच ओढींमध्ये ते आधी तोडावं लागतं. तोडणी नीट झाली तर बाकीचं तासाभरात उरकतं.

खाली ‘वारी’ हा शब्द घेतला आहे. शब्द छोटा आहे, पण अडचणी सगळ्या आहेत: पोट, दंड, काना, ‘र’ची गाठ, दीर्घ वेलांटी आणि सगळ्यांना बांधणारी शिरोरेषा.

फॉन्टमधून सुरुवात करू नका

शब्द टाइप करायचा, त्यावर ‘क्रिएट शेप्स फ्रॉम टेक्स्ट’ चालवायचं आणि ट्रिम पाथ्स (रेघ टप्प्याटप्प्याने उलगडणारी सोय) लावायचे, हा मोह सगळ्यांना होतो. त्यातून मिळते ती अक्षराची बाह्यरेषा. ट्रिम पाथ्स त्या कडेकडेने फिरतात, म्हणजे अक्षराची हद्द आखली जाते. ते लिहिलं जात नाही. लिहिण्यासाठी मध्यरेषा लागते आणि ती फॉन्टमध्ये नसते, आपल्यालाच काढावी लागते. फॉन्टचं अक्षर वापरायचं असलं तरी पुढची सगळी पद्धत तीच. जुन्या आवृत्त्यांमध्ये प्रेफरन्सेसच्या टाइप विभागात ‘साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न’ हे टेक्स्ट इंजिन निवडलेलं आहे ना, तेवढं आधी पाहा. नाहीतर जोडाक्षरं फुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी चुकीच्या बाजूला जाते.

बोरूने किंवा कट निबने कागदावर लिहिलेला शब्द असेल तर उत्तम. लिहिणाऱ्याला दोन गोष्टी आधीच सांगून ठेवा. एक, लिहिताना वरून मोबाइलवर चित्रीकरण करायचं. कुठली ओढ आधी, हात कुठे उचलला, कुठे रेंगाळला, हे नंतर आठवून सांगता येत नाही. ओढींचा क्रमही माणसागणिक बदलतो: कुणी दीर्घ वेलांटीची कमान आणि काना एका झटक्यात काढतं, कुणी काना आधी काढून कमान नंतर टेकवतं. दोन, शब्द मोठा लिहायचा. पंधरा सेंटिमीटर रुंद शब्द ६०० डीपीआयने स्कॅन केला की साधारण साडेतीन हजार पिक्सेल मिळतात. १९२० च्या चौकटीत तो निम्म्याने लहान करूनही जवळ जायला वाव उरतो.

स्कॅन साफ करणं

स्कॅन त्याच्याच आकाराच्या कॉम्पमध्ये (कॉम्पोझिशन, म्हणजे लेयर रचायची चौकट) घ्या. समजा ३६०० × २०००, २५ फ्रेम प्रति सेकंद. त्यावर या क्रमाने तीन इफेक्ट लावा. लेव्हल्सने कागद पूर्ण पांढरा आणि शाई पूर्ण काळी करा. मग इन्व्हर्ट, म्हणजे शाई पांढरी होईल. त्यानंतर ‘शिफ्ट चॅनल्स’मध्ये ‘टेक अल्फा फ्रॉम’ला ल्युमिनन्स निवडा. कागद पारदर्शक झाला आणि शाईचे कोरडे फटकारे, दाणेदार कडा जशाच्या तशा राहिल्या. रंग द्यायचा असेल तर शेवटी ‘फिल’ लावा. इलस्ट्रेटरमध्ये इमेज ट्रेस करूनही अक्षर मिळतं, पण कोरड्या शाईची जान त्यात जाते. बोरूचं अक्षर असेल तर ट्रेस करू नये.

आता हा लेयर ‘मूव्ह ऑल अ‍ॅट्रिब्यूट्स’ निवडून प्रीकम्पोज करा, म्हणजे इफेक्टसकट एका आतल्या कॉम्पमध्ये बांधा. ही पायरी टाळली तर पुढे हमखास अडतं. आफ्टर इफेक्ट्समध्ये मास्क (लेयरचा हवा तेवढाच भाग ठेवणारी आखणी) आधी लागतो, इफेक्ट नंतर. इफेक्ट असलेल्या लेयरलाच मास्क घातला, तर मास्कने रिकामी केलेली जागा इन्व्हर्टमधून पांढरी होते आणि शिफ्ट चॅनल्स तिलाच शाई समजतो. अक्षराच्या तुकड्याऐवजी मोठा ठोकळा समोर येतो आणि चूक कुठे झाली ते कळत नाही.

अक्षराची तोडणी

प्रीकॉम्पच्या सात प्रती करा आणि लगेच नावं द्या: व-पोट, व-दंड, काना, र-वर, र-पाय, ई (दीर्घ वेलांटी), शिरोरेषा. प्रत्येक प्रतीवर पेन टूलने बंद मास्क काढून त्या ओढीची तेवढीच शाई ठेवा. मास्क फेदर (कडेचा मऊपणा) शून्य ठेवा, फार तर १ पिक्सेल.

‘व’च्या पोटापासून सुरू करू. पोट दंडाला जिथे मिळतं, तिथे मास्कची कड दंडाच्या डाव्या कडेला समांतर न्या आणि दोन-तीन पिक्सेल दंडात घुसवा. दंडाचा मास्क दंडाच्या कडेने अगदी नेमका. हे दोन-तीन पिक्सेल सोडले नाहीत तर दोन तुकड्यांच्या मध्ये केसाएवढी फिकट फट दिसते, कारण दोन्ही तुकड्यांच्या कडा तिथे अर्ध्या पारदर्शक असतात आणि दोन अर्ध्या मिळून पूर्ण शाई होत नाही. गडद पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरात ती फट डोळ्याला खुपते.

दंड, काना आणि ‘ई’चा उभा भाग यांत शिरोरेषेकडचं टोक सांभाळायचं असतं. मास्क वरच्या बाजूला थोडा जरी रुंद राहिला, तर दंडाबरोबर शिरोरेषेचा तुकडाही उघडा पडतो आणि दंडाच्या डोक्यावर दोन्हीकडे मांजरासारखे कान उगवतात. दंड जेवढा जाड, तेवढीच मास्कची रुंदी वरपर्यंत ठेवा. शिरोरेषेच्या तुकड्यात मात्र अख्खी आडवी पट्टी घ्या, दंडांवरून जाणाऱ्या भागासकट. ती सगळ्यात शेवटी येणार आहे. तोवर खालची शाई आलेली असते, त्यामुळे एकावर एक आल्याने काही बिघडत नाही.

‘र’ सगळ्यात जास्त वेळ खातो. ही एकच ओढ आहे: वरून उतरते, उजवीकडे फुगते, डावीकडे गाठीपर्यंत परत येते आणि तिथून तिरकी खाली उजवीकडे जाते. गाठीपाशी ओढ स्वतःलाच चिकटते. तुकडा एकच ठेवला तर वरचा भाग उलगडताना पायाची सुरुवातही उघडी पडते. म्हणून गाठीच्या मधोमध कापा. कापाची रेघ हात तिथे ज्या दिशेने जात होता, त्या दिशेला काटकोनात असू द्या, म्हणजे जोड चालू असताना दिसत नाही. वेग इथे कसा सांभाळायचा ते पुढे सांगितलं आहे.

कापून झाल्यावर सातही तुकडे चालू ठेवून मूळ शब्दाशी ताडून पाहा. मूळ लेयर वर ठेवून त्याचा ब्लेंडिंग मोड ‘डिफरन्स’ करा. शाई पांढरी किंवा रंगीत असेल तर हे लगेच समजतं: सगळं काळं दिसलं म्हणजे जुळलं. कुठे ठिपका किंवा रेघ चमकली तर तिथे शाई सुटली आहे. शाई काळी असेल तर तपासणीपुरता ‘फिल’ पांढरा करा, नाहीतर काळ्यावर काळं वजा होऊन काहीच दिसणार नाही.

मॅटची रेघ

आता प्रत्येक तुकड्यासाठी मॅट म्हणून एक शेप लेयर; मॅट जिथे असेल तेवढाच तुकडा दिसतो. काहीही निवडलेलं नसताना पेन टूल घ्या, फिल बंद करा, स्ट्रोक चालू ठेवा आणि ओढीच्या मध्यातून उघडा पाथ काढा. हात जिथून निघाला तिथून सुरुवात करा. उलट दिशेने काढला गेला तर पुन्हा काढत बसू नका; ट्रिम पाथ्सचं ‘एंड’ ० ते १०० करण्याऐवजी ‘स्टार्ट’ १०० ते ० करा, काम भागतं.

बिंदू जितके कमी तितकं चांगलं. ‘व’च्या पोटाला चार पुरतात, दंडाला दोन. बिंदू जास्त झाले की वळणावर रेघेचं पुढचं टोक डुगडुगतं आणि लिहिणाऱ्याचा हात थरथरतोय असं वाटतं. पाथ शाईच्या दोन्ही टोकांपलीकडे वीस-तीस पिक्सेल लांबवा, नाहीतर ओढीचं टोक कायमचं अर्धवट राहतं.

स्ट्रोकची रुंदी ओढीच्या सर्वांत जाड जागेपेक्षा सुमारे तीस टक्के जास्त ठेवा. कट निबची रेघ जाड-बारीक होत जाते. बारीक जागेवर मोजून रुंदी ठरवली तर जाड जागेच्या कडा झाकलेल्या राहतात. पोट सर्वांत जाड जागी दीडशे पिक्सेल असेल तर स्ट्रोक दोनशेचा. याला मर्यादा एकच. पोटाच्या आतली पांढरी जागा अरुंद असेल तर रुंद मॅट पलीकडच्या भिंतीला लागते आणि न लिहिलेली शाई उघडी करते. तिथे रुंदी कमी करून पाथ शाईच्या अगदी मधोमध बसवा, किंवा तो तुकडा आणखी एकदा तोडा. लाइन जॉइन राउंड ठेवा.

शेप लेयरच्या ‘अ‍ॅड’ मेनूतून ट्रिम पाथ्स घ्या आणि त्याचं ‘एंड’ ० ते १०० चालवा. मग तुकड्याच्या लेयरला ट्रॅक मॅट म्हणून हा शेप लेयर द्या, प्रकार अल्फा मॅट. २०२३ च्या आवृत्तीपासून मॅटचा लेयर कुठेही असला तरी यादीतून निवडता येतो. त्याआधीच्या आवृत्तीत तो तुकड्याच्या अगदी वर हवा. चुकून दुसरा लेयर मध्ये सरकला की मॅट भलत्याच लेयरला लागते. जुन्या आवृत्तीत काम करत असाल तर प्रत्येक जोडीला वेगळा लेबल रंग द्या.

याच कामासाठी ‘जनरेट’मधला ‘स्ट्रोक’ इफेक्टही आहे. लेयरवर मास्क काढायचे, ‘ऑल मास्क्स’ आणि ‘स्ट्रोक सिक्वेन्शियली’ चालू करायचं, पेंट स्टाइलला ‘रिव्हील ओरिजिनल इमेज’ निवडायचं आणि ‘एंड’ चालवायचं. बारीक पेनाच्या सहीला किंवा नकाशावरच्या रस्त्याला तो झकास आहे. मात्र त्याचा ब्रश ५० पिक्सेलच्या वर जात नाही, त्यामुळे मोठ्या स्कॅनवरची जाड ओढ झाकली जात नाही. शिवाय सगळ्या ओढी एकाच ‘एंड’वर चालतात, हात उचलल्याचा क्षण त्यात येत नाही.

वेळ

मोबाइलवरचं चित्रीकरण इथे कामी येतं. ते कॉम्पमध्ये एका कोपऱ्यात ठेवा आणि प्रत्येक ओढ कुठल्या फ्रेमला सुरू झाली व कुठे संपली ते मार्करने नोंदवा. खरं लिखाण पडद्यासाठी सहसा संथ असतं, म्हणून सगळे आकडे एकाच प्रमाणात आवळा. चित्रीकरण नसेल तर ‘वारी’साठी हा हिशोब धरून चालता येईल: व-पोट ० ते ९, व-दंड ११ ते १६, काना १९ ते २४, र-वर २८ ते ३४, र-पाय ३४ ते ३९, ई ४३ ते ५६, शिरोरेषा ६० ते ७०. म्हणजे तीन सेकंदांच्या आत शब्द पुरा.

मधल्या मोकळ्या फ्रेम मुद्दाम आहेत. हात उचलून पुढे न्यायला वेळ लागतो; एका अक्षरातल्या दोन ओढींमध्ये दोन-तीन फ्रेम, अक्षर बदलताना चार. त्या काढून टाकल्या की अक्षरं नळातून ओघळल्यासारखी येतात. शिरोरेषेआधीचा थांबाही जरूर ठेवा. आपल्याकडे शाळेत शब्द पुरा करून मगच वरची रेघ ओढायला शिकवतात, त्यामुळे वाचणाऱ्याचा हात मनातल्या मनात तिथे थांबतोच.

ट्रिम पाथ्स लांबीच्या टक्क्यांवर चालतात, म्हणून साध्या लिनियर कीफ्रेमनी रेघ एकसारख्या वेगाने पुढे जाते. ते यंत्राने काढल्यासारखं दिसतं. एफ ९ दाबून सगळीकडे ईझी ईझ लावणं हा त्यावरचा सरधोपट उपाय, पण त्याने प्रत्येक ओढ सुरुवातीला आणि शेवटी सारखीच मंदावते. हात तसा चालत नाही. दंड वरून झपकन येतो आणि तळाशी टेकताना थांबतो, म्हणजे सुरुवात मोकळी, शेवट मंद. शिरोरेषा टेकताना सावध असते आणि सुटताना भरधाव, म्हणजे नेमकं उलट. ग्राफ एडिटर उघडून प्रत्येक ओढीला तिचा वेग द्या. सात तुकडे आहेत, दहा मिनिटं लागतात, आणि बघणाऱ्याला फरक कळतो.

आता ‘र’. दोन तुकडे, पण ओढ एकच. र-वरच्या शेवटच्या आणि र-पायच्या पहिल्या कीफ्रेमला ईझ लावू नका, दोन्ही लिनियर ठेवा. फ्रेमही लांबीच्या प्रमाणात वाटा: वरचा पाथ सहाशे पिक्सेल आणि पाय पाचशे असेल तर सहा आणि पाच फ्रेम. सुरुवातीला पाथ शाईपलीकडे लांबवायचा म्हटलं होतं, तो नियम या जोडापाशी लागू करू नका. इथे दोन्ही पाथ कापावरच संपवा आणि तिथूनच सुरू करा, लाइन कॅप (रेघेच्या टोकाचा आकार) बट, म्हणजे सपाट, ठेवा. नाहीतर पाय उघडायला एक-दोन फ्रेम उशीर होतो आणि गाठीपाशी हात अडखळल्यासारखा दिसतो.

सगळ्या तुकड्यांचा इन-पॉइंट त्यांच्या पहिल्या कीफ्रेमवर कापा, ऑल्ट आणि डावा चौकटी कंस दाबून. सत्तराव्या फ्रेमनंतर तुकडे बंद करून त्या जागी मूळ न तोडलेला शब्द ठेवा. एखादी बारीक फट राहिलीच असेल तर तीही तिथे बुजते. शब्द नंतर फिका करत न्यायचा असेल तर ओपॅसिटी तुकड्यांना न देता सगळं प्रीकम्पोज करून एकदाच द्या. तुकड्यांना दिली तर एकावर एक आलेल्या जागा गडद चौकोन होऊन वर येतात.

रेघेचं टोक

राउंड कॅपचं टोक गोल असतं, बटचं पाथला काटकोनात. बोरूचं टोक तिरकं कापलेलं असतं आणि ओढ कुठेही वळली तरी त्याचा कोन तोच राहतो. पाच फ्रेममध्ये संपणाऱ्या दंडात हे कुणाला दिसत नाही. संथ, मोठ्या शॉटमध्ये मात्र शिरोरेषेचं गोल टोक पुढे सरकताना अगदी टूथपेस्टसारखं वाटतं.

तिथे मॅटसाठी शेप लेयरऐवजी पेंटचा ब्रश वापरा. पारदर्शक कॉम्पमध्ये एक सॉलिड घ्या, लेयर पॅनलमध्ये उघडा, ब्रश टूलने एक ओढ काढा आणि पेंट इफेक्टमध्ये ‘पेंट ऑन ट्रान्सपरंट’ चालू करा. ओढ काढण्याआधी ब्रश पॅनलमध्ये राउंडनेस १५ टक्क्यांच्या आसपास ठेवा आणि अँगल बोरूच्या कोनाएवढा. देवनागरीसाठी तो साधारण ४५ अंश असतो, पण तुमच्या शाईच्या टोकावर ताडून घ्या. स्पेसिंग पाच टक्क्यांच्या खाली, नाहीतर वळणावर ठिपक्यांची माळ दिसते. हाताने काढलेली ओढ वेडीवाकडी येतेच. पेनने काढलेला मास्क पाथ कॉपी करून त्या ओढीच्या पाथवर पेस्ट करा. मग तिचं ‘एंड’ चालवा.

कोरड्या शाईसाठी मॅटच्या लेयरवर ‘रफन एजेस’ थोड्या बॉर्डरने लावला की पुढची कड फाटकी होते. तो फार वाढवला तर मॅट आतून झिजते आणि ओढीच्या कडा खाल्ल्या जातात, म्हणून लावल्यावर स्ट्रोकची रुंदी थोडी वाढवा.

लेखणी सोबत फिरवायची असेल तर

एक नल ऑब्जेक्ट (अंतिम चित्रात न दिसणारा आधार-लेयर) घ्या आणि आधी तो त्या शेप लेयरला पेरेंट करा, म्हणजे जोडा. मग शेपमधली ‘पाथ’ प्रॉपर्टी निवडून कॉपी करा, नलची ‘पोझिशन’ निवडून पेस्ट करा. पेरेंट न करता पेस्ट केलं तर पाथ कॉम्पच्या डाव्या वरच्या कोपऱ्याकडे जाऊन पडतो, कारण शेपचे आकडे त्याच्या स्वतःच्या शून्यापासून मोजलेले असतात आणि नलचे कॉम्पच्या कोपऱ्यापासून. पेस्ट केलेली हालचाल दोन सेकंदांची येते आणि मधले कीफ्रेम रोव्हिंग असतात. शेवटचा कीफ्रेम ओढून ओढीच्या फ्रेमवर आणा, मधले आपोआप जागा घेतात. वेगाचा आलेख ट्रिम पाथ्सच्या आलेखासारखाच करा, नाहीतर निब पुढे आणि शाई मागे, असं होतं. लेखणीचं चित्र नलला पेरेंट करा, अँकर पॉइंट निबच्या टोकावर ठेवून.

दुसरं सॉफ्टवेअर असेल तर

तोडणीचा भाग सगळीकडे तोच. डाविंची रिझॉल्व्हच्या मोफत आवृत्तीतल्या फ्यूजन पानावर पॉलिगॉन मास्क उघडा ठेवा, ‘सॉलिड’ बंद करा, ‘बॉर्डर विड्थ’ वाढवा आणि राइट-ऑनची ‘लेंग्थ’ ० ते १ चालवा. तो मास्क त्या तुकड्याला जोडला की झालं. न्यूकमध्ये रोटोपेंटच्या ओढीला ‘राइट-ऑन एंड’ आहे.

पार्श्वभूमीशिवाय द्यायचं असेल तर अल्फा चॅनलसह प्रोरेस ४४४४ मध्ये काढा. सुपूर्द करण्याआधी ती फाइल एकदा पांढऱ्यावर आणि एकदा काळ्यावर ठेवून फ्रेम-फ्रेम पुढे न्या. ‘व’चं पोट दंडाला मिळतं ती नववी ते अकरावी फ्रेम आणि ‘र’च्या गाठीची चौतिसावी, या दोन जागी विशेष थांबा.